ईमेलची कंपनी बदलली, आता आउटलुक-थंडरबर्ड चालत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांतून, विश्रामबागच्या सीए ऑफिसांतून, मिरजेच्या दवाखान्यांतून आणि कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यांतून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. डोमेन तुमचंच आहे, ईमेल पत्ताही तोच आहे, फक्त मेल सांभाळणारी कंपनी बदलली आहे, असं इथं धरलं आहे. आउटलुक म्हणजे विंडोजवरचं जुनं, 'क्लासिक' आउटलुक. नवं आउटलुक इथं घेतलेलं नाही. थंडरबर्ड म्हणजे आउटलुकसारखाच मेलचा मोफत प्रोग्राम. कितीही घाई असली तरी प्रश्न २ वाचल्याशिवाय काहीही डिलीट करू नका.

१. पत्ता तोच, पासवर्डही तोच ठेवलाय. मग आउटलुक का अडलं?

आउटलुक मेल आणायला पत्ता बघून जात नाही. खातं उघडताना त्यात जे सर्व्हरचं नाव भरलं होतं, तिथं ते जातं. कंपनी बदलताना डोमेनचं एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठल्या सर्व्हरवर द्यायचे ती नोंद) बदलतात, त्यामुळे बाहेरच्यांनी पाठवलेले मेल नव्या सर्व्हरवर पोचायला लागतात. तुमच्या कॉम्प्युटरला मात्र हे कुणी कळवत नाही.

जुना सर्व्हर लगेच बंद झाला तर एरर येते आणि निदान लक्षात तरी येतं. खरा घोळ होतो तो जुना सर्व्हर चालू असला तर. आउटलुक तिथं नीट लॉगिन होतं, एरर दाखवत नाही, आणि दोन दिवस एकही मेल येत नाही. एरवी दिवसाला वीस-पंचवीस मेल येणारा इनबॉक्स अचानक शांत झाला, तर आधी ब्राउझरमध्ये नव्या कंपनीचं वेबमेल उघडून बघा. मेल तिथं साचलेले असतील.

२. सेटिंगला हात लावण्याआधी काय करून ठेवायचं?

जुने मेल कुठं आहेत ते आधी ठरवा. ते खातं पॉप आहे की आयमॅप यावर अवलंबून आहे. सर्व्हरवरून मेल आणायच्या या दोन पद्धती आहेत (कसं ओळखायचं ते प्रश्न ३ मध्ये).

पॉप असेल तर मेल तुमच्या कॉम्प्युटरवर पीएसटी फाइलमध्ये असतात. आउटलुक पूर्ण बंद करा आणि ती फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. बहुतेक वेळा ती डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स' फोल्डरमध्ये सापडते. तेच डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हला जोडलेलं असेल तर आधी सिंक थांबवा, नाहीतर अर्धवट फाइल कॉपी होते.

आयमॅप असेल तर खरे मेल सर्व्हरवर असतात आणि कॉम्प्युटरवरची ओएसटी फाइल ही फक्त त्यांची प्रत असते. ओएसटी नुसती उचलून पेनड्राइव्हवर ठेवून उपयोग नाही, ती दुसऱ्या प्रोफाइलमध्ये (आउटलुकमधल्या खात्यांच्या आणि सेटिंगच्या संचात) उघडत नाही. फाइल → ओपन अँड एक्स्पोर्ट → इम्पोर्ट/एक्स्पोर्ट → 'एक्स्पोर्ट टू अ फाइल' → 'आउटलुक डेटा फाइल' या वाटेनं जाऊन खात्याचं सगळ्यात वरचं नाव निवडा, 'इन्क्लूड सबफोल्डर्स'वर टिक करा आणि पीएसटी बनवा. मात्र आउटलुकनं शेवटच्या काही महिन्यांचेच मेल उतरवलेले असतील तर एक्स्पोर्टमध्येही तेवढेच येतील. म्हणून खात्याच्या सेटिंगमध्ये ऑफलाइन मेलची मुदत 'ऑल'वर नेऊन पूर्ण उतरू द्या, मगच एक्स्पोर्ट करा.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट. आउटलुक २०१३ आणि त्यापुढच्या आवृत्तीत आयमॅप खात्याचे कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर सर्व्हरवर जातच नाहीत. त्यांच्या नावापुढं 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' असं लिहिलेलं असतं. जुनं खातं काढून टाकलं की तेही गेले. व्यापाऱ्यांचे, पार्ट्यांचे पाचशे पत्ते तिथं असतील तर ते वेगळे एक्स्पोर्ट करा.

थंडरबर्डमध्ये हेल्प → 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' → 'प्रोफाइल फोल्डर'समोरचं बटण दाबा, उघडलेलं फोल्डर लक्षात ठेवा, थंडरबर्ड बंद करा आणि ते फोल्डर आख्खं कॉपी करा. मेल, पत्ते, फिल्टर सगळं त्यात येतं.

३. आमचं खातं पॉप आहे की आयमॅप, कसं कळायचं?

आउटलुकमध्ये फाइल → अकाउंट सेटिंग्ज → अकाउंट सेटिंग्ज उघडा. यादीत 'टाइप'च्या खाली लिहिलेलं असतं. शेजारच्या 'डेटा फाइल्स' टॅबवर फाइलचा पत्ताही मिळतो, तो लिहून ठेवा. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्ज → सर्व्हर सेटिंग्ज, अगदी वरच्या ओळीत.

४. नक्की कुठले आकडे भरायचे?

सर्व्हरची नावं नव्या कंपनीकडून घ्या. पोर्ट (सर्व्हरच्या कुठल्या क्रमांकाच्या दारानं जायचं तो आकडा) आणि एन्क्रिप्शन (एसएसएल/टीएलएस किंवा स्टार्टटीएलएस, म्हणजे मेल वाटेत कुणाला वाचता येऊ नये याची सोय) मात्र सगळीकडे जवळपास सारखेच असतात:

- येणारे मेल, आयमॅप: पोर्ट ९९३, एसएसएल/टीएलएस
- येणारे मेल, पॉप: पोर्ट ९९५, एसएसएल/टीएलएस
- जाणारे मेल, एसएमटीपी: पोर्ट ४६५ असेल तर एसएसएल/टीएलएस, ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस

शेवटच्या ओळीत माणसं सर्वांत जास्त अडकतात. ५८७ समोर एसएसएल निवडलं किंवा ४६५ समोर स्टार्टटीएलएस, तर मेल जाणार नाही. आउटलुक बराच वेळ फिरत बसतं आणि मग '०एक्स८००सीसीसी१ए' अशी एरर देतं. जुन्या आउटलुकमध्ये स्टार्टटीएलएस हे नाव दिसत नाही, तिथं नुसतं 'टीएलएस' निवडायचं.

गूगलसाठी येणारा सर्व्हर 'आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम' आणि जाणारा 'एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम', मग पत्ता तुमच्या स्वतःच्या डोमेनचा असला तरी. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची गोष्ट वेगळी आहे, ती प्रश्न ७ मध्ये आहे. झोहोच्या मोफत प्लॅनमध्ये आयमॅप-पॉप मिळत नाही, त्यामुळे तिथं आकडे कितीही बरोबर भरले तरी काही होणार नाही.

युजरनेममध्ये पूर्ण ईमेल पत्ता लिहा. जुन्या होस्टिंगवर कधीकधी नुसतं 'सेल्स' किंवा 'इन्फो' चालायचं, नव्या सेवांवर ते चालत नाही.

५. आउटलुकमध्ये हे कुठं बदलायचं? 'चेंज' दाबलं तर सगळे रकाने दिसतच नाहीत.

अलीकडच्या आवृत्त्यांत आउटलुकच्या आतून अर्धेच रकाने दिसतात. आउटलुक बंद करा, कंट्रोल पॅनेल उघडा, वर उजवीकडे 'व्ह्यू बाय'मध्ये 'स्मॉल आयकॉन्स' करा आणि 'मेल' उघडा. ईमेल अकाउंट्स → खातं निवडा → चेंज. दोन्ही सर्व्हरची नावं, युजरनेम आणि पासवर्ड बदला. मग 'मोअर सेटिंग्ज'मध्ये दोन टॅब बघा. 'आउटगोइंग सर्व्हर'वर 'माय आउटगोइंग सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन'ला टिक हवी आणि खाली 'यूज सेम सेटिंग्ज' निवडलेलं हवं. 'अ‍ॅडव्हान्स्ड'वर प्रश्न ४ मधले पोर्ट भरा.

पॉप खात्यासाठी असं बदलणं ठीक आहे. आयमॅपसाठी आमचं मत स्पष्ट आहे: जुन्या खात्यात नावं बदलत बसू नका, त्याच 'मेल'मधल्या 'शो प्रोफाइल्स'मधून नवं प्रोफाइल करा आणि खातं नव्यानं जोडा. जुन्या ओएसटीवर नवा सर्व्हर बसवला की फोल्डर दुहेरी होतात आणि सिंक मध्येच अडकतं. जुनं प्रोफाइल तसंच राहू द्या, काही विसरलं असेल तर परत जाता येतं.

आणि एक. पॉपचं आयमॅप करायचं असेल तर आहे त्याच खात्यात ते होत नाही, आउटलुकमध्येही नाही आणि थंडरबर्डमध्येही नाही. नवं खातं जोडावंच लागतं.

६. थंडरबर्डमध्ये?

थंडरबर्डमध्ये सोपं आहे, पण दोन वेगळ्या जागी जावं लागतं. अकाउंट सेटिंग्जमध्ये खात्याच्या खाली 'सर्व्हर सेटिंग्ज' उघडून येणारा सर्व्हर आणि युजरनेम बदला. मग डाव्या यादीत अगदी तळाशी 'आउटगोइंग सर्व्हर (एसएमटीपी)' आहे, तिथं जाणारा बदला. ही दुसरी जागा पुष्कळांच्या नजरेतून सुटते. शेवटी सेटिंग्ज → प्रायव्हसी अँड सिक्युरिटी → सेव्ह्ड पासवर्ड्समध्ये जुन्या सर्व्हरच्या नावाच्या ओळी पुसा आणि थंडरबर्ड बंद करून पुन्हा सुरू करा.

७. पासवर्ड वेबवर चालतो, पण आउटलुक परत परत मागत राहतं.

नव्या कंपनीला बहुधा तुमचा नेहमीचा पासवर्ड आउटलुकमध्ये नकोच असतो.

गूगलमध्ये आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग गूगल खात्यातून 'अ‍ॅप पासवर्ड' (फक्त आउटलुकसारख्या प्रोग्रामसाठीचा वेगळा पासवर्ड) तयार करा. तो १६ अक्षरांचा असतो. मध्ये दिसणाऱ्या मोकळ्या जागा टाइप करायच्या नाहीत. पुढं कधी गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला तर आधीचे सगळे अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात, हेही लक्षात असू द्या. थंडरबर्डमध्ये अ‍ॅप पासवर्डचीही गरज नाही. 'ऑथेंटिकेशन मेथड'मध्ये 'ओऑथ२' निवडा, गूगलची लॉगिन खिडकी उघडेल. येणाऱ्या आणि जाणाऱ्या, दोन्ही सर्व्हरना ते निवडायचं.

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ऑक्टोबर २०२२ पासून पॉप-आयमॅपला साधा पासवर्ड टप्प्याटप्प्यानं बंद झाला, आणि क्लासिक आउटलुक त्या सेवेच्या आयमॅपसाठी ओऑथ वापरत नाही. त्यामुळे तिथं आयमॅपचे आकडे भरत बसण्यात वेळ घालवू नका. नवं प्रोफाइल करा, फक्त ईमेल पत्ता टाका आणि खातं एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टची स्वतःची मेल पद्धत) म्हणून जोडलं जाऊ द्या.

हे सगळं करूनही पासवर्डची खिडकी येतच राहिली तर कंट्रोल पॅनेल → क्रेडेन्शियल मॅनेजर → विंडोज क्रेडेन्शियल्स उघडून या खात्याच्या जुन्या नोंदी काढा. त्यानंही फरक पडला नाही तर प्रश्न ८ बघा.

८. खातं जोडताना आउटलुक आपोआप जुन्याच होस्टिंगच्या सर्व्हरकडे जातं. असं का?

तुमची वेबसाइट अजून जुन्याच होस्टिंगवर आहे म्हणून. पत्ता टाकला की आउटलुक सेटिंग स्वतः शोधायला निघतं आणि आधी थेट तुमच्या वेबसाइटच्या डोमेनवर विचारतं. सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचा प्रोग्राम) असलेलं होस्टिंग तिथून उत्तर देतं, 'हो, मेल माझ्याकडेच आहे.' नव्या कंपनीचं ऑटोडिस्कव्हर रेकॉर्ड (मेलच्या सेटिंग कुठं मिळतील ते सांगणारी नोंद) त्यानंतर तपासलं जातं, तोवर आउटलुक जुन्या सर्व्हरला पासवर्ड विचारत बसलेलं असतं.

सगळ्यात चांगला उपाय होस्टिंगवाल्याकडून होतो: सीपॅनेलवरची त्या डोमेनची मेल सेवा बंद करून घ्या आणि डीएनएसमधलं (डोमेनच्या नोंदी जिथं असतात तिथलं) जुनं 'ऑटोडिस्कव्हर' रेकॉर्ड नव्या कंपनीच्या सांगण्याप्रमाणे बदला. तोपर्यंत आयमॅप-पॉप खातं 'मॅन्युअल सेटअप' निवडून हातानं जोडा. विंडोजच्या रजिस्ट्रीतूनही (अंतर्गत सेटिंगच्या साठ्यातून) आउटलुकला ती पहिली पायरी वगळायला लावता येते, पण ते काम जाणत्याकडून करून घ्या.

९. मेल येतात, पण जात नाहीत.

येणारा आणि जाणारा हे दोन वेगळे सर्व्हर आहेत. येणारं चालतं म्हणजे पासवर्ड आणि इंटरनेट ठीक आहे, तिकडं बघायचं कारण नाही. या क्रमानं तपासा:

जाणाऱ्या सर्व्हरच्या रकान्यात जुनं नाव राहिलंय का. बहुतेक वेळा तेच निघतं.

ऑथेंटिकेशनची टिक आहे का (प्रश्न ५). नसेल तर '५५०' आकड्याची एरर येते आणि त्यात 'रिले' हा शब्द असतो. गंमत म्हणजे अशा वेळी त्याच ऑफिसातल्या सहकाऱ्याला मेल जातो, बाहेरच्याला जात नाही.

पोर्ट २५ आहे का. तो सर्व्हरनं सर्व्हरशी बोलण्यासाठीचा पोर्ट आहे आणि बरेच इंटरनेट पुरवठादार तो अडवतात. ५८७ किंवा ४६५ वापरा.

तिन्ही बरोबर असतील तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून एक मेल पाठवून बघा. हॉटस्पॉटवर गेला, ऑफिसच्या लाइनवर अडला, तर दोष राउटरच्या फायरवॉलमध्ये किंवा इंटरनेट देणाऱ्याकडे आहे. दोन्हीकडे अडला तर अँटिव्हायरसमधलं 'ईमेल प्रोटेक्शन' पाच मिनिटं बंद करून बघा आणि तपासून झाल्यावर परत चालू करा.

आउटबॉक्समध्ये अडकलेला जुना मेल मोठ्या अटॅचमेंटचा असेल तर तोही पुढचे सगळे अडवून धरतो. गूगलची मर्यादा २५ एमबी आहे, पण पाठवताना फाइल साधारण एक तृतीयांशानं फुगते. म्हणून १८ एमबीच्या वरचं स्कॅन पाठवायचं असेल तर लिंक पाठवा.

१०. 'सर्टिफिकेटवरचं नाव जुळत नाही' असा इशारा येतो. 'येस' दाबून पुढं जाऊ का?

नको. सर्व्हरच्या रकान्यात 'मेल डॉट' आणि पुढं तुमचं डोमेन असं लिहिलं असेल, तर नव्या कंपनीच्या सर्टिफिकेटवर ते नाव नसतं. रकान्यात कंपनीनं दिलेलं नाव जसंच्या तसं लिहा, इशारा जाईल. रोज 'येस' दाबायची सवय लागली की तुमच्या आणि सर्व्हरच्या मध्ये खरोखर कुणी मेल चोरायला बसलं तरी कळणार नाही.

नाव बरोबर असूनही इशारा येत असेल तर कॉम्प्युटरची तारीख बघा. लाइट जाऊन आल्यावर जुन्या मशीनची तारीख मागं जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तो बदलला की हा इशाराही जातो.

११. जुने मेल सगळे गायब झाले!

घाबरण्याआधी तीन जागा बघा. जुनी सेवा चालू असेल तर तिच्या वेबमेलमध्ये मेल असतील. पॉप असेल तर प्रश्न ३ मध्ये लिहून ठेवलेल्या पीएसटीत असतील, ती फाइल → ओपन अँड एक्स्पोर्ट → 'ओपन आउटलुक डेटा फाइल'नं उघडा. आयमॅप असेल आणि जुनं प्रोफाइल काढलेलं नसेल, तर इंटरनेट तोडून ते प्रोफाइल उघडा आणि मेल पीएसटीत कॉपी करून घ्या. इंटरनेट आधी तोडायचं कारण असं की जुन्या सर्व्हरवरचं खातं रिकामं झालं असेल तर जोडणी होताच आउटलुकही तुमच्याकडची प्रत रिकामी करतं.

इनबॉक्स दिसतो पण खालची फोल्डर दिसत नाहीत, अशी तक्रार असेल तर ती वेगळी. जुन्या होस्टिंगसाठी 'रूट फोल्डर पाथ'मध्ये 'इनबॉक्स' लिहिलेलं असायचं, ते नव्या सर्व्हरवर कोरं करावं लागतं. थंडरबर्डमध्ये याचंच नाव 'आयमॅप सर्व्हर डिरेक्टरी', सर्व्हर सेटिंग्जमधल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' बटणामागे.

१२. जुने मेल नव्या खात्यात कसे चढवायचे? ओढून टाकले तर चालतं का?

एक-दोन जीबी असतील तर चालतं. पाचशे-पाचशेच्या गठ्ठ्यानं, आणि 'मूव्ह' नाही तर 'कॉपी'. मध्येच लाइट गेली तर मूळ मेल जागेवर राहतात.

त्याहून जास्त असेल तर हा मार्ग सोडा. गूगल आयमॅपनं दिवसाला ५०० एमबीच चढवू देतं, म्हणजे १० जीबीला २० दिवस. कंपनीच्या अ‍ॅडमिन पॅनेलमध्ये स्थलांतराचं साधन असतं. ते जुन्या सर्व्हरवरून थेट नव्यावर नेतं, तुमचा कॉम्प्युटर चालू ठेवावा लागत नाही. पण त्यासाठी जुनं खातं जिवंत हवं. मेल फक्त पीएसटीत असतील तर खरं सांगायचं तर ते चढवूच नका. आउटलुकमध्ये जोडून ठेवा आणि जुना रेकॉर्ड म्हणून वापरा. आउटलुक २०१० पासून पीएसटीची मर्यादा मुळात ५० जीबी आहे, तरी १०-१५ जीबीनंतर वर्षानुसार फोडलेली बरी.

१३. प्रत्येक मेल दोन-दोनदा दिसतो.

पॉप खात्यात हे हमखास होतं. कुठला मेल उतरवला हे आउटलुक सर्व्हरनं दिलेल्या खुणेवरून लक्षात ठेवतं. नव्या सर्व्हरवर त्याच मेलची खूण वेगळी असते, म्हणून सगळे 'नवे' समजून परत उतरतात. टाळायचं असेल तर पहिल्यांदा जोडण्याआधी वेबमेलमध्ये जाऊन, तिथं नेलेले जुने मेल इनबॉक्समधून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. गूगल सोडून इतर ठिकाणी पॉप फक्त इनबॉक्स बघतं.

गूगलच्या आयमॅपमध्ये दुहेरी दिसण्याचं कारण 'ऑल मेल' हे फोल्डर असतं. जीमेलच्या सेटिंग्ज → लेबल्समध्ये त्यासमोरची 'शो इन आयमॅप'ची टिक काढा. डिस्कवरची जागाही वाचते.

१४. 'सेंट'मध्ये पाठवलेले मेल दिसत नाहीत, किंवा दोनदा दिसतात.

दोनदा दिसत असतील तर गूगल स्वतः प्रत ठेवतं आणि थंडरबर्डही ठेवतं. थंडरबर्डच्या 'कॉपीज अँड फोल्डर्स'मधली पहिली टिक काढा. दिसत नसतील तर जुन्या सर्व्हरवरचं 'सेंट' आणि नव्यावरचं 'सेंट आयटम्स' अशी दोन फोल्डर झाली असतील. त्याच पानावर योग्य ते निवडा. आउटलुक वापरणाऱ्यांनी नवं प्रोफाइल केलं की हे सहसा आपोआप सुटतं.

१५. काही पार्ट्यांचे मेल येतात, काहींचे नाहीत. ते म्हणतात 'आम्ही पाठवलाय'.

पहिले एक-दोन दिवस हे डीएनएसमुळे होतं. जुनं रेकॉर्ड किती सेकंद लक्षात ठेवायचं हे टीटीएलमध्ये लिहिलेलं असतं. ८६४०० असेल तर २४ तास. तोवर काहींचे मेल जुन्या सर्व्हरवर जातात, म्हणून तिथलं वेबमेलही बघत राहा. बदल अजून व्हायचा असेल तर आदल्या दिवशी टीटीएल ३०० करून घ्या.

आठवडा झाला तरी ठरावीक लोकांचेच मेल येत नसतील, तर कारण दुसरं आहे. गावातल्या बऱ्याच दुकानांच्या वेबसाइट एकाच होस्टिंगवाल्याच्या एकाच सर्व्हरवर असतात. तुमच्या जुन्या सर्व्हरला अजून वाटतं की तुमचा मेल त्याच्याकडेच आहे. त्यामुळे त्याच सर्व्हरवरच्या शेजाऱ्यानं पाठवलेला मेल बाहेर न पडता तिथल्या तिथंच तुमच्या जुन्या खात्यात पडतो. तुमच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या चौकशी फॉर्मचंही असंच होतं. सीपॅनेलमध्ये 'ईमेल राउटिंग' उघडून 'लोकल'ऐवजी 'रिमोट मेल एक्स्चेंजर' निवडायचं. दोन मिनिटांचं काम आहे, पण आउटलुकमध्ये कितीही शोधलं तरी सापडणार नाही.

१६. आमचे मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जायला लागले.

आउटलुकचा यात दोष नाही. डोमेनच्या एसपीएफ रेकॉर्डमध्ये (तुमच्या नावानं मेल कुणी पाठवायचे त्या यादीत) अजून जुन्या कंपनीचंच नाव असणार. तिथं नव्या कंपनीचं नाव घाला. दुसरं वेगळं एसपीएफ रेकॉर्ड मात्र जोडू नका. एका डोमेनला एकच चालतं, दोन झाली की दोन्ही बाद. डीकेआयएम (मेल तुमच्याच डोमेनचा आहे हे सांगणारी डिजिटल सही) नव्या कंपनीच्या अ‍ॅडमिन पॅनेलमधून चालू करावं लागतं, बऱ्याचदा ते आपोआप होत नाही. गूगलनं फेब्रुवारी २०२४ पासून या गोष्टींची तपासणी कडक केली आहे. परदेशी ग्राहकाला हळदीचं कोटेशन पाठवणाऱ्यानं हे आधी करून घ्यावं.

१७. आमच्याच ऑफिसातल्या माणसाला पाठवलेला मेल परत येतो, बाकी सगळे जातात.

पूर्वी एक्स्चेंज वापरत होता का? मग 'टू'मध्ये दोन अक्षरं टाइप केल्यावर आपोआप येणारा पत्ता हा खरा ईमेल पत्ता नसून जुन्या सर्व्हरची अंतर्गत नोंद असते. परत आलेल्या मेलमध्ये 'आयएमसीईएईएक्स'नं सुरू होणारी लांबलचक ओळ दिसली की हेच समजायचं. सुचलेल्या नावापुढची फुली दाबून नोंद काढा आणि पत्ता एकदा पूर्ण टाइप करा. जुन्या मेलला 'रिप्लाय' दिला तर तोच पत्ता पुन्हा उपटतो, तिथंही हातानं बदला.

१८. दुकानातल्या एका कॉम्प्युटरवर विंडोज ७ आणि आउटलुक २०१० आहे. त्यावरच चालत नाही.

जुनी कंपनी जुनं एन्क्रिप्शन चालवून घेत होती, नवी टीएलएस १.२ च्या खाली जोडूच देत नाही. विंडोज ७ मध्ये ते आउटलुकसाठी आपोआप चालू नसतं. मायक्रोसॉफ्टचं एक अपडेट आणि रजिस्ट्रीतला बदल केला की काम होतं. थंडरबर्ड ११५ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची मोठी आवृत्ती, तिला स्वतःचं टीएलएस असल्यानं ती तशीही जोडली जाते. पण विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये संपली आणि आउटलुक २०१० ची त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. ज्या कॉम्प्युटरवरून बँकेचे व्यवहार होतात त्यावर हे ठेवू नये असंच आम्ही सांगतो.

१९. तीन कॉम्प्युटरवर एकच 'सेल्स'चा पत्ता आहे. एकानं मेल उघडला की दुसऱ्याला दिसत नाही.

पॉप सोडा, आयमॅप घ्या. काही कारणानं गूगलवर पॉपच हवं असेल तर युजरनेममध्ये पत्त्याआधी इंग्रजीत 'रीसेंट' हा शब्द आणि कोलन लिहा. मग प्रत्येक कॉम्प्युटरला शेवटच्या ३० दिवसांचे मेल मिळतात, दुसऱ्यानं आधी उतरवले असले तरी.

२०. टॅलीतून बिल मेल होत नाही, स्कॅनर आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचे मेलही थांबले.

या प्रत्येकात जाणारा सर्व्हर वेगळा भरलेला असतो आणि तो कुणाच्याच लक्षात नसतो. टॅलीच्या ईमेल कॉन्फिगरेशनमध्ये प्रश्न ४ मधले आकडे आणि प्रश्न ७ मधला अ‍ॅप पासवर्ड भरा. जुन्या कॉपिअर-स्कॅनरना नवं एन्क्रिप्शन जमत नाही. त्यांच्याशी झगडण्यापेक्षा 'स्कॅन टू फोल्डर' लावा आणि मेल कॉम्प्युटरवरून पाठवा. डीव्हीआरमध्ये मुख्य खात्याचा पासवर्ड कधीच भरू नका, अलर्टसाठी वेगळं खातं उघडा.

२१. 'तुमचं मेलबॉक्स स्थलांतर अपूर्ण आहे, इथं क्लिक करून पासवर्ड टाका' असा मेल आलाय.

फसवणूक आहे. पासवर्ड टाकला की चोर तुमच्या खात्यात शिरून बिलांचे मेल वाचतो आणि ऐन पेमेंटच्या वेळी पार्टीला 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला' असं तुमच्याच पत्त्यावरून कळवतो. टाकून झाला असेल तर लगेच वेबमेलमधून पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा, आणि 'फॉरवर्डिंग' व 'फिल्टर्स'मध्ये अनोळखी नियम आहेत का बघा. नुसता पासवर्ड बदलून ते नियम जात नाहीत. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

२२. जुनी सेवा कधी बंद करायची?

निदान महिनाभर चालू ठेवा. जुन्या इनबॉक्समध्ये सलग आठवडाभर एकही नवा मेल पडला नाही, प्रत्येक कॉम्प्युटरवरची पीएसटी उघडून पाहिली आणि प्रश्न २० मधली यंत्रं तपासली, की मग बंद करा. जीएसटीच्या ११ आणि २० तारखांच्या आसपास किंवा मार्चअखेरीला हे काम काढू नका. वेबसाइट त्याच होस्टिंगवर असेल तर 'फक्त ईमेल बंद करा' असं लेखी कळवा. आख्खं होस्टिंग बंद झालं तर वेबसाइट जाईल, आणि डोमेनचं डीएनएसही तिथंच असेल तर नव्या कंपनीकडचे मेलही थांबतील.